पुण्याची पहिली मर्सिडीज: नाव मोठे, खप छोटा

वीस हजार मोटारींची क्षमता, आणि वापर जेमतेम दहावा हिस्सा. १९९५ साली पिंपरीत सुरू झालेल्या ‘ई २२०’ मोटारीचे गणित नेमके कुठे चुकले, आणि त्या चुकीतून पुढे काय उभे राहिले, याचा आढावा.

१९९५ साली पिंपरी येथील टेल्कोच्या आवारातून मर्सिडीज-बेंझची ‘ई २२०’ ही मोटार बाहेर पडू लागली, तेव्हा पुण्याच्या उद्योगविश्वात तो अभिमानाचा क्षण मानला गेला. अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती या तीन नावांभोवती वर्षानुवर्षे फिरणाऱ्या भारतीय रस्त्यावर जगातील सर्वांत प्रतिष्ठित मानली जाणारी मोटार येत होती, आणि तीही परदेशातून नव्हे, तर महाराष्ट्रातील कारखान्यातून. अपेक्षा मोठ्या होत्या. वर्षाला वीस हजार मोटारी तयार करता येतील, अशी कारखान्याची क्षमता ठरवण्यात आली होती. प्रत्यक्षात १९९७ च्या अखेरीस या क्षमतेचा जेमतेम दहावा हिस्सा वापरात होता आणि येथे जोडलेल्या मोटारींना परदेशी बाजारपेठा शोधाव्या लागत होत्या.

या अंदाजात किती अंतर होते, हे कळण्यासाठी एक ताजा आकडा पुरेसा आहे. मर्सिडीज-बेंझने २०२४ या संपूर्ण वर्षात भारतात १९ हजार ५६५ मोटारी विकल्या. ही विक्री एका मोटारीची नसून कंपनीच्या सर्व प्रकारांची मिळून आहे. १९९० च्या दशकात जो आकडा गाठता येईल असे मानले गेले, त्याच्या जवळ पोहोचायला कंपनीला जवळजवळ तीन दशके लागली.

मोटार वाईट होती म्हणून ती चालली नाही, असे म्हणता येणार नाही. उलट वाहनतंत्राच्या इतिहासात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. मग ती भारतात का खपली नाही? या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा बाजाराच्या अभ्यासात, किंबहुना त्या अभ्यासातील उणिवेत दडलेले आहे.

जुना दोस्ताना, नवी उमेद

टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा संबंध नवा नव्हता. १९४५ साली स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये या जर्मन कंपनीशी मालमोटारी बनवण्याचा करार केला. पंधरा वर्षे जमशेदपूरच्या कारखान्यातून ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ या नावाच्या मालमोटारी बाहेर पडत राहिल्या. १९६९ मध्ये कराराची मुदत संपली आणि मालमोटारीच्या तोंडावरील तीन टोकांच्या ताऱ्याची जागा टाटांच्या स्वतःच्या चिन्हाने घेतली. तरीही महामार्गावरील धाब्यांवर आणि गॅरेजांत ‘मर्सिडीज’ हा शब्द पुढेही बराच काळ मालमोटारीसाठीच वापरला जात असे.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर चित्र पालटले. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले. परदेशी कंपन्यांची रीघ लागली. डाइम्लर-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोला सोबत घेऊन मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी स्थापन केली. टेल्कोचा पुण्यातील कारखाना १९६६ पासून उभा राहत आला होता. जागा, कुशल कामगार आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची साखळी तेथे तयारच होती. त्यामुळे नव्या कंपनीने पिंपरीतील टेल्कोच्याच आवारात बस्तान बसवले.

त्या काळी परदेशांतील संचालक मंडळांपुढे भारताविषयी एक आकडा हमखास मांडला जात असे, तो म्हणजे वीस-पंचवीस कोटींच्या मध्यमवर्गाचा. एवढ्या लोकसंख्येपैकी अगदी नगण्य हिस्सा जरी महागडी मोटार घेऊ शकला, तरी वर्षाला वीस हजार ग्राहक सहज मिळतील, असे कागदावर वाटणे स्वाभाविक होते. पण मध्यमवर्ग या शब्दाचा युरोपातील अर्थ आणि भारतातील अर्थ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतात त्या वेळी मध्यमवर्गीय कुटुंब म्हणजे स्कूटर असलेले, दूरचित्रवाणी संच आणि शीतकपाट असलेले, आणि मारुतीचे स्वप्न पाहणारे कुटुंब. मर्सिडीजचा ग्राहक या वर्गात नव्हताच.

मोटार होती तरी कशी?

पिंपरीत जोडली जाणारी मोटार कंपनीच्या अंतर्गत संकेतानुसार ‘डब्ल्यू १२४’ या नावाने ओळखली जात असे. ती १९८४ च्या अखेरीस युरोपात सादर झाली. ब्रूनो साक्को हे त्या वेळी मर्सिडीजच्या आरेखन विभागाचे प्रमुख होते. हवेचा अवरोध कमीत कमी व्हावा अशा रीतीने तिचा सांगाडा घडवलेला होता, आणि अवरोधाचा गुणांक ०.२९ च्या आसपास होता. समोरच्या काचेवर दोनऐवजी एकच वायपर होता. तो फिरता फिरता आत-बाहेर सरकत असल्याने काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसला जाई. मागील प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्यांचा आधार असल्याने वेगात वळण घेतानाही मोटार रस्त्याला चिकटून राहत असे.

१९९३ मध्ये या मालिकेला ‘ई-क्लास’ हे नाव मिळाले. जगभरात तिचे सर्व प्रकार मिळून २५ लाखांहून अधिक मोटारी बनल्या. भारतात प्रथम २.२ लिटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाची ‘ई २२०’ आणि पुढे पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन असलेली ‘ई २५०’ विक्रीस आली. टिकाऊपणाबाबत ही मोटार इतकी नावाजलेली होती, की जर्मनीतील टॅक्सीचालक ती मोठ्या संख्येने वापरत.

नेमकी येथेच पहिली गोम होती. वीस लाखांहून अधिक किंमत मोजू शकणारा भारतीय उद्योजक किंवा निर्यातदार व्यवसायानिमित्त वारंवार परदेशी जात असे. फ्रँकफर्टच्या विमानतळाबाहेर तो ज्या टॅक्सीत बसे, तीच मोटार मुंबईत त्याला प्रतिष्ठेचे शिखर म्हणून दाखवली जात होती.

शिळे ताट

त्याहून मोठी अडचण काळाची होती. भारतात ‘डब्ल्यू १२४’ दाखल झाली त्याच वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, युरोपात तिची उत्तराधिकारी ‘डब्ल्यू २१०’ बाजारात आली. नव्या मोटारीचे चार लंबगोल दिवे इतके वेगळे होते, की ती दुरूनही ओळखू येत असे. त्यामुळे पिंपरीतून बाहेर पडणारी कोरी मोटार पहिल्याच दिवशी मागील पिढीची ठरली.

एखाद्या देशात नवा कारखाना उभारताना तेथे मावळते प्रारूप नेण्यामागे कारखानदारांचा एक व्यवहारी विचार असतो. साचे व यंत्रे यांचा खर्च वसूल झालेला असतो, दोष माहीत असतात, दुरुस्तीचे तंत्र पक्के असते. नव्या बाजारपेठेतील ग्राहकाला फरक कळणार नाही, असेही गृहीत धरलेले असते. साध्या प्रवासी मोटारीच्या बाबतीत हे गृहीतक काही काळ खपून जाते. ज्याला वाहन हवे असते, त्याला ते चालणारे हवे असते. परंतु प्रतिष्ठेसाठी घेतल्या जाणाऱ्या मोटारीचे गणित उलटे असते. तेथे ग्राहक पैसे मोजतो ते ‘आपल्याकडे सर्वांत नवे आहे’ या समाधानासाठी. नेमके तेच पिंपरीच्या मोटारीत नव्हते.

या प्रकारात मर्सिडीज एकटी नव्हती. मोटारउद्योग परवानामुक्त झाल्यावर भारतात आलेल्या अनेक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. महिंद्र आणि फोर्ड यांच्या संयुक्त कंपनीने १९९६ मध्ये नाशिक येथून ‘एस्कॉर्ट’ बाजारात आणली. युरोपात ओळखीचे झालेले हे नाव भारतात मात्र अपेक्षेइतके रुजले नाही. पुढे फोर्डने भारतीय ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून ‘आयकॉन’ तयार केली, तेव्हा कुठे कंपनीचा जम बसू लागला. त्याआधी १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ब्रिटिश ‘रोव्हर’चा देखणा सांगाडा घेऊन त्यात जुन्या धाटणीचे इंजिन बसवले आणि ‘स्टँडर्ड २०००’ या नावाने ती बड्या अधिकाऱ्यांची मोटार म्हणून विकायला काढली. तीही काही वर्षांतच बंद पडली. बाहेरचा थाट आणि आतला ऐवज यांतील तफावत ग्राहकाने लगेच ओळखली होती.

किमतीचे दुष्टचक्र

त्या काळी मारुती ८०० ची किंमत दोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका मर्सिडीजच्या किमतीत सुमारे दहा मारुती येत. एवढी किंमत का होती, हे समजण्यासाठी जोडणीची पद्धत पाहावी लागते.

पिंपरीत मोटार संपूर्णपणे घडवली जात नव्हती. तिचे बहुतेक सुटे भाग पेट्यांत भरून जर्मनीहून येत आणि येथे त्यांची जोडणी होई. उद्योगाच्या परिभाषेत याला ‘सीकेडी’ पद्धत म्हणतात. तयार मोटार आयात करण्यापेक्षा सुट्या भागांवर सीमाशुल्क कमी पडते, म्हणून ही पद्धत निवडली जाते. तरीही भाग परदेशी चलनातच विकत घ्यावे लागतात, आणि त्यावर जहाजाचे भाडे व शुल्क चढतेच.

खर्च कमी करण्याचा उपाय उघड होता: हे भाग पुणे परिसरातच बनवून घेणे. परंतु कोणताही पुरवठादार एखाद्या भागाचा साचा तयार करण्यासाठी भांडवल घालतो, ते हजारोंच्या मागणीच्या भरवशावर. वर्षाला दोन हजार मोटारींसाठी साचा परवडत नाही. परिणामी भाग आयात होत राहिले, किंमत चढी राहिली, किंमत चढी म्हणून खप वाढला नाही, आणि खप नाही म्हणून स्थानिक उत्पादन परवडेना. या चक्रातून सुटण्याचा मार्ग पहिल्या अंदाजातच हरवला होता. वीस हजारांच्या अपेक्षेवर बेतलेला खर्च दोन हजारांवर वाटला जात होता.

सरकारी धोरणाचाही यात वाटा होता. डिसेंबर १९९७ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार सुटे भाग आयात करून मोटारी जोडणाऱ्या कंपन्यांना तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशातच बनवून घेण्याचे, तसेच आयातीच्या तोडीस तोड निर्यात करण्याचे बंधन सामंजस्य करारातून स्वीकारावे लागले. युरोपीय समुदाय आणि अमेरिकेने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २००१ मध्ये निर्णय भारताच्या विरोधात गेला. मोठ्या खपाच्या छोट्या मोटारींसाठी हे बंधन जड असले तरी पेलण्याजोगे होते. मूठभर ग्राहकांच्या आलिशान मोटारीसाठी ते फारच अवघड होते.

याउलट ज्यांना खरोखर मर्सिडीज हवी होती, त्यांच्यापुढे जुने मार्ग होतेच. परदेशातून कायमचे परतणाऱ्या भारतीयांना स्वतःची मोटार आणण्याची सवलत होती. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. अशा मार्गाने आलेली मोटार वापरलेली असली, तरी ‘थेट परदेशातून आलेली’ हा तिचा मान वेगळाच असे.

जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर

मोटार विकत घेणे ही एक गोष्ट आणि ती वापरता येणे ही दुसरी. जर्मनीतील महामार्गांवर तासाला दोनशे किलोमीटरचा वेग डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली ही मोटार १९९५ च्या महाराष्ट्रात कुठे धावणार होती? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो पूर्णपणे खुला झाला २००२ मध्ये. तोवर बोरघाटातील मालमोटारींच्या रांगेतून वाट काढणे हेच मर्सिडीजच्याही नशिबी होते.

मुंबईहून जव्हार, मोखाडा करीत त्र्यंबकेश्वर-नाशिककडे जाणारा रस्ता याचे चांगले उदाहरण ठरावा. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेले हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. पावसाळ्यात येथे धुवांधार पाऊस कोसळतो. वळणावळणाचे घाट, डांबर वाहून गेलेले पट्टे आणि साकवांवरून वाहणारे पाणी यांतून एसटी, जीप आणि मालमोटार निभावून जाते. खाली झुकलेल्या, मऊ बैठकीच्या शहरी मोटारीला हा प्रवास मानवत नाही. बिघाड झालाच तर प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुटा भाग दोन्हीसाठी मुंबई किंवा पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

इंधनाचा प्रश्न त्याहून बारीक, पण महत्त्वाचा होता. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ हे उपकरण सक्तीचे झाले. या उपकरणाला शिसेविरहित पेट्रोल लागते. शिसेयुक्त पेट्रोल भरल्यास ते निकामी होते. शिसेविरहित पेट्रोल सुरुवातीला महानगरांतील निवडक पंपांवर मिळे. देशभर सर्वत्र ते उपलब्ध झाले २००० च्या फेब्रुवारीत. म्हणजे मुंबईत घेतलेली नवी पेट्रोल मोटार दूरच्या तालुक्यांत नेताना टाकीत परतीपुरते इंधन आहे ना, हे आधी पाहावे लागे. आलिशान मोटारीचा वावर त्यामुळे मलबार हिल ते नरिमन पॉइंट आणि फार तर पुण्यातील कोरेगाव पार्कपर्यंत मर्यादित राहिला.

जर्मनीतही घडले होते

बड्या अधिकाऱ्यांसाठीची मोटार काढून हात पोळण्याचा अनुभव जर्मन कंपन्यांना नवीन नव्हता. पिंपरीत जे घडले, त्याची पूर्वचिन्हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत दिसतात.

बीएमडब्ल्यूचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. युद्धात या कंपनीचा मोटारींचा आयसेनाख येथील कारखाना सोव्हिएत हद्दीत गेला. म्युनिकमधील यंत्रसामग्री विजेत्यांनी काढून नेली. १९४८ मध्ये मोटारसायकलींपासून पुन्हा श्रीगणेशा झाला. कंपनीने मग छोटी, स्वस्त मोटार काढावी, अशी परिस्थिती होती. संचालकांनी मात्र युद्धपूर्व प्रतिष्ठा परत मिळवायची म्हणून १९५१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘५०१’ ही भव्य मोटार मांडली. तिची किंमत होती १५ हजार मार्कांहून अधिक. ही रक्कम सामान्य जर्मन नोकरदाराच्या वार्षिक मिळकतीच्या जवळजवळ चौपट होती. दोन लिटरचे इंजिन ६५ अश्वशक्तीचे, आणि अंग मात्र अवजड. त्याच वर्षी आलेली मर्सिडीजची ‘२२०’ अधिक ताकदवान आणि स्वस्त होती. गोलाकार, गुबगुबीत अंगामुळे लोकांनी ‘५०१’ ला ‘बरोक देवदूत’ असे गमतीने म्हटले. १९५४ मध्ये आठ सिलिंडरची ‘५०२’ आली. पण या संपूर्ण मालिकेच्या दहा-बारा वर्षांत सुमारे २२ हजार मोटारीच बनल्या. कंपनीचा जीव जगला तो ‘इसेटा’ या अंड्याच्या आकाराच्या चिमुकल्या मोटारीवर.

तोटा इतका वाढला, की ९ डिसेंबर १९५९ च्या सभेत बीएमडब्ल्यू चक्क मर्सिडीजच्या मालकांकडे, म्हणजे डाइम्लर-बेंझकडे, सोपवण्याचा प्रस्ताव आला. लहान भागधारक आणि विक्रेत्यांनी तो हाणून पाडला. उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी भांडवल घातले आणि १९६१ मध्ये मध्यम आकाराची, खिशाला परवडणारी ‘१५००’ ही मोटार सादर झाली. बीएमडब्ल्यूची आजची भरभराट या मोटारीपासून सुरू होते.

ब्रेमेन येथील बोर्गवार्डच्या वाट्याला ती संधी आली नाही. कार्ल बोर्गवार्ड यांची ‘इझाबेला’ ही मोटार दोन लाखांहून अधिक खपली, परंतु वरच्या वर्गातील ‘हान्सा २४००’ ही मोटार जेमतेम चौदाशेच्या आसपास बनली. तरीही १९६० मध्ये त्यांनी हवेच्या दाबावर तरंगणारी बैठक असलेली ‘पी १००’ बाजारात आणली. तिचे तंत्र जर्मनीत त्या काळी नवलाचे होते. पण एकाच वेळी अनेक प्रकार काढण्याच्या हौसेने भांडवल आटले आणि १९६१ मध्ये कारखाना बुडाला. ‘पी १००’ च्या सुमारे अडीच हजारच मोटारी तोवर बनल्या होत्या. पुढे त्याच जागेवर मर्सिडीजचा मोठा कारखाना उभा राहिला, हा इतिहासाचा योगायोग. १९६७ मध्ये आलेल्या एनएसयू कंपनीच्या ‘आरओ ८०’ ची कथा आणखी निराळी. फिरत्या दट्ट्याचे नवे इंजिन असलेली ही मोटार पारितोषिकविजेती ठरली, पण इंजिन लवकर झिजू लागले आणि दहा वर्षांत सुमारे ३७ हजार मोटारींवर तिची वाटचाल थांबली.

कारणे वेगवेगळी दिसतात: कुठे किंमत, कुठे भांडवल, कुठे अपक्व तंत्र. पण या सर्वांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे. ग्राहक कोण, किती आणि त्याला काय हवे, हे विचारण्याआधी कारखानदाराने स्वतःच्या प्रतिष्ठेला साजेसे काय, हे ठरवले होते. पिंपरीत फरक एवढाच, की प्रतिष्ठा होती, पण तिच्यासोबतचा माल जुना होता.

त्याच आवारातील दुसरी मोटार

या चुकीवरील सर्वांत नेमके भाष्य पिंपरीच्याच आवारात घडले. मर्सिडीजच्या शेजारी टेल्को स्वतःची छोटी मोटार बनवत होती. १९९८ च्या अखेरीस ‘इंडिका’ बाजारात आली. तिची किंमत अडीच लाखांच्या पुढे होती, आणि डिझेलचा पर्याय होता. मागच्या आसनावर तीन माणसे ऐसपैस बसू शकत. ज्या कुटुंबाला एकच मोटार परवडते, त्याच्या गरजांचा विचार त्यामागे होता. पहिल्याच फेरीत एक लाखाहून अधिक ग्राहकांनी पैसे भरून नोंदणी केली.

इंडिकाचाही प्रवास निर्विघ्न झाला नाही. सुरुवातीच्या मोटारींबद्दल बऱ्याच तक्रारी आल्या आणि २०००-०१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. परंतु ‘व्ही २’ ही सुधारित आवृत्ती आल्यावर ती सावरली. म्हणजे यंत्रातील दोष दुरुस्त करता आले, कारण ग्राहक हजर होता. मर्सिडीजच्या बाबतीत यंत्र निर्दोष होते, पण ग्राहक नव्हता. उद्योगात यांपैकी दुसरी उणीव भरून काढणे फार कठीण असते.

चुकीतून मिळालेला धडा

मर्सिडीजने माघार घेतली नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. काही वर्षांतच नव्या पिढीची ‘डब्ल्यू २१०’ पिंपरीत आली. टाटांनी संयुक्त कंपनीतील आपला वाटा टप्प्याटप्प्याने काढून घेतला. २०१० मध्ये डाइम्लरनेही टाटा मोटर्समधील आपले समभाग विकले आणि १९५४ पासूनचे नाते संपुष्टात आले. २००९ मध्ये कंपनी पिंपरी सोडून चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने भारतातील विक्रीत तिला मागे टाकले. पुढे २०१५ मध्ये मर्सिडीजने पहिले स्थान परत मिळवले.

या सर्वांत महत्त्वाचा बदल दिसला २०१७ मध्ये. त्या वर्षी चाकणमध्ये बनलेली लांब बांध्याची ‘ई-क्लास’ बाजारात आली. पुढील व मागील चाकांमधील अंतर ३ हजार ७९ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या मोटारीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त. हे सर्व जादा अंतर मागच्या आसनावरील पायांसाठी दिले होते. कारण भारतात अशा मोटारीचा मालक बहुधा स्वतः चालवत नाही. तो मागे बसतो, फोनवर बोलतो, कागदपत्रे चाळतो. उजव्या हाताच्या चालकासाठी हा प्रकार जगात प्रथम भारतातच विक्रीस आला. ही मोटार कंपनीची भारतातील सर्वाधिक खपणारी मोटार ठरली. नाव तेच ‘ई-क्लास’, कारखाना त्याच पुणे परिसरातला, तारा तोच. फरक इतकाच, की या वेळी प्रश्न आधी ग्राहकाला विचारला गेला होता.

आजच्या घडीला अर्थ काय?

पुणे-चाकण पट्ट्यात आज देशी-परदेशी वाहन कंपन्यांचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथेही जर्मन समूहाच्या मोटारी जोडल्या जात आल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या निमित्ताने गुंतवणुकीच्या घोषणा पुन्हा जोरात आहेत. प्रत्येक घोषणेत क्षमतेचा आकडा ठळक असतो: वर्षाला इतके हजार, इतके लाख. तो आकडा पाहून जमिनीचे भाव वाढतात, छोटे कारखानदार कर्ज काढून यंत्रे घेतात, तरुण प्रशिक्षण संस्थांत नाव घालतात.

क्षमता म्हणजे मागणी नव्हे, हे १९९५ च्या पिंपरीने दाखवून दिले आहे. मोठ्या कंपनीला चुकलेल्या अंदाजाचा भार सोसण्याची ताकद असते. जगभरातील नफ्यातून ती दहा वर्षे थांबू शकते. तिच्या भरवशावर साचे करून बसलेल्या भोसरीतील लघुउद्योजकाकडे ती चैन नसते. म्हणून गुंतवणुकीचे स्वागत करताना किती मोटारी बनू शकतील, यापेक्षा त्या कोण घेणार, किती किमतीला, आणि किती भाग येथेच बनणार, हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

‘डब्ल्यू १२४’ मात्र संपलेली नाही. तीस वर्षांनंतरही मुंबई-पुण्यातील हौशी मंडळी तिच्या जपलेल्या मोटारी अभिमानाने मिरवतात. मोटार चांगली होती, याबद्दल कधीच दुमत नव्हते. ती ज्याच्यासाठी आणली, तो ग्राहक त्या संख्येने अस्तित्वात यायला अजून बराच अवधी होता.